आलटून पालटून

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही शब्द एकटे कधी घराबाहेर पडत नाहीत. 'आलटून' हा त्यांपैकी एक. 'मी आलटले' असे कुणी म्हणत नाही, 'तो आलटतो' असेही कानावर येत नाही. पण 'पालटून' सोबतीला आले, की हा शब्द लगेच चालू लागतो. 'दोघे भाऊ आलटून पालटून रात्रीची राखण करतात', 'आजी दोनच लुगडी आलटून पालटून नेसायची'. एरवी आपण जोडशब्द करताना अर्थाचा शब्द पुढे ठेवतो आणि त्याचा पडसाद मागे: भाकरीबिकरी, चहाबिहा. इथे उलटा प्रकार आहे. पडसाद पुढे आणि अर्थ मागे. 'आजूबाजू', 'आसपास', 'अदलाबदल' ही त्याच साच्यातली मंडळी. तेव्हा 'आलटून पालटून'मधला खरा शब्द मागे उभा आहे आणि आज त्याच्याबद्दल बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'पालटणे'.

तुम्ही म्हणाल, त्यात बोलण्यासारखे काय आहे? पालटणे म्हणजे बदलणे. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीत आपण असेच पाठ केलेले असते. पण त्या आजीच्या लुगड्यांकडे जरा नीट पाहा. तिच्याकडे लुगडी दोनच. आज हिरवे, उद्या निळे, परवा पुन्हा हिरवे. रोज काहीतरी वेगळे होते आहे, पण नवीन काहीच येत नाही आणि जुने काही टाकूनही दिले जात नाही. गेलेले परत येणार हे त्या 'आलटून पालटून'मध्ये गृहीत आहे. 'आजी रोज लुगडी बदलते' असे म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारीचे कपाट भरलेले दिसते.

या फरकाचे मूळ शोधायला थोडे मागे जावे लागते. बाराव्या शतकात गुजरातेत पाटण इथे आचार्य हेमचंद्र होऊन गेले. त्यांनी संस्कृताचे व्याकरण लिहिले आणि त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना दिला. त्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्यांनी संस्कृत धातूंच्या जागी लोक प्राकृतात काय बोलतात, याची लांबलचक नोंद केली आहे. तिथे 'परि' उपसर्ग लागलेल्या 'अस्' धातूसाठी, म्हणजे भोवताली फेकणे, उलथून टाकणे या अर्थी, ते तीन प्राकृत रूपे देतात: पलोट्ट, पल्लट्ट आणि पल्हत्थ. यातले 'पल्लट्ट' उच्चारून पाहा. जोडाक्षर सुटे झाले, आधीचा स्वर लांबला, आणि आपला 'पालट' तयार झाला. तिसरे 'पल्हत्थ' याच्याशी आपल्या 'पालथा'चे नाते आहे. पालथे भांडे, पालथे मूल, पालथ्या घड्यावर पाणी. पालथा आणि पालट ही एकाच घरातली भावंडे.

भांडे पालथे घातले म्हणजे दुसरे भांडे आणले असे होत नाही. भांडे तेच असते, त्याची दुसरी बाजू वर येते. 'पालटणे'च्या पोटात आधीपासून हे चित्र आहे. जाता जाता सांगायचे तर सैन्याच्या 'पलटणी'चा या घराशी संबंध नाही. तो शब्द फिरंगी लष्करी बोलीतून आला आणि आपल्या कानाला ओळखीचा वाटेल असा आकार घेऊन बसला. गवयांचे 'पलटे' मात्र याच कुळातले. शिकाऊ मुलगा सकाळी तेच सात सूर वेगवेगळ्या क्रमाने घोटतो. आठवा सूर आणण्याची त्याला मुभा नसते.

आता हा शब्द कुठे कुठे राहिला ते पाहू. भाद्रपद शुद्ध एकादशीला आपल्याकडे परिवर्तिनी एकादशी म्हणतात. आषाढीला देव झोपतो, कार्तिकीला उठतो, आणि मध्ये भाद्रपदात तो कूस पालटतो अशी श्रद्धा आहे. चार महिने एकाच कुशीवर कोण झोपेल? ज्या माणसांनी ही कल्पना केली त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा केली असली पाहिजे. अशा माणसाची कूस दर काही तासांनी पालटावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. इथे वारंवार पालटणे हा चंचलपणा नाही, ती सेवा आहे.

तसेच शेतीचे. 'पीकपालट' किंवा 'फेरपालट' हे कृषिखात्याच्या पत्रकांतले शब्द. शेतकऱ्यांचा स्वतःचा जुना शब्द 'बेवड'. आधीच्या पिकाने जमीन कशी करून ठेवली, त्या अवस्थेला बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, त्यावर पुढचे धान्य जोमाने येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागचे कारण १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. कडधान्याच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. म्हणजे जमीन तीच राहते, तिच्यावरचा भार पालटतो आणि त्या पालटामुळे जमीन टिकते. पाण्याची शाश्वती झाल्यावर अनेक भागांत उसामागून ऊस घेतला गेला. पाणी मुरत राहिले, निचरा झाला नाही, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक चांगल्या जमिनी खारवटल्या. तिथल्या जाणत्या शेतकऱ्यांना यात पालट थांबल्याचाही दोष दिसतो.

आपल्याकडे बिरबलाच्या नावावर एक कोडे सांगतात. घोडा का अडला, विड्याचे पान का सडले, भाकरी का करपली? तिन्हींचे उत्तर एकच: फिरवले नाही म्हणून. पानवाला टोपलीतली पाने रोज चाळतो, सडके पान काढतो, खालचे वर आणतो. भाकरी वेळेवर उलटली नाही तर तव्याला लागते. राजकारणातली माणसे 'भाकरी फिरवली पाहिजे' म्हणतात ते इथूनच आले. अर्थात भाकरी फिरवली तरी भाकरी तीच असते, हे ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर 'खांदेपालट' घेऊ. मंत्रिमंडळात फेरबदल झाला की वर्तमानपत्रे हा शब्द मोठ्या टाईपात छापतात. मूळ शब्द भोयांचा. रेल्वे येण्यापूर्वी, आणि घाटवाटांनी तर त्यानंतरही बराच काळ, पैसेवाला माणूस पालखीतून किंवा डोलीतून प्रवास करी. माथेरानला छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तोवर नेरळहून वर जायचे ते पायी, घोड्यावर किंवा माणसांच्या खांद्यावर. लांबच्या वाटेला आठ भोई असले तर चार वाहत आणि चार मोकळे बरोबर चालत. ठरावीक अंतर गेले की मोकळे पुढे होत आणि दांडी आपल्या खांद्यावर घेत. पालखी खाली ठेवायची नाही, आतल्या साहेबाला धक्का बसू द्यायचा नाही, चालण्याची लय मोडू द्यायची नाही. हा खांदेपालट. अंत्ययात्रेतही विसाव्याच्या जागी तो होतो. पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात.

या शब्दात एक मुद्दा ठसठशीत आहे. ओझे कमी होत नाही. पालखीतला माणूसही तोच. फक्त ज्याचा खांदा भरून आला त्याला थोडा वेळ विसावा मिळतो आणि मग त्याची पाळी पुन्हा येते. तेव्हा दोन मंत्र्यांनी आपापली खाती एकमेकांना दिली तर खांदेपालट हा शब्द चपखल बसतो. पण एकाला घरी बसवले आणि दुसऱ्याला नव्याने शपथ दिली, तर त्याला खांदेपालट म्हणणे हा भोयांवर अन्याय आहे. घरी बसवलेल्याला पाळीची खात्री कुठे असते?

परत येण्याची ही वाट माणसांच्या बाबतीत किती महत्त्वाची ठरते, याचे आपल्या इतिहासातले ठळक उदाहरण नेताजी पालकरांचे आहे. महाराजांचे सरनोबत असलेले नेताजी १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या फसलेल्या स्वारीनंतर महाराजांपासून तुटले आणि विजापूरकरांकडे गेले. तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्यांना मोगलांकडे ओढले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करवले. पुढे ते मुहम्मद कुलीखान झाले आणि त्यांना दूर वायव्य सरहद्दीकडे धाडण्यात आले. जवळपास दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते महाराजांकडे परत आले आणि प्रायश्चित्त देऊन त्यांना स्वधर्मात घेण्यात आले. बाजू पालटणारा माणूस म्हणून त्यांच्यावर शिक्का मारणे सोपे होते. पण त्यांच्या प्रत्येक पालटामागे त्यांची मर्जी किती आणि नाइलाज किती, हा प्रश्न उरतोच. मोगलांच्या दृष्टीने त्यांचे काय व्हायचे ते कायमचे झालेले होते. रायगडाने तो पालट मानला, म्हणजेच पुन्हा उलट फिरू शकेल असा.

आता दुसरा पक्ष. 'बदल' हा शब्द अरबी. फारसीच्या पालखीत बसून तो दख्खनेत आला. सुलतानशाह्यांचा कारभार फारसीत, त्यामुळे दप्तर, हिशेब, जमाखर्च यांतून तो मराठीत उतरला. त्याचा मूळ अर्थ वेगळा होणे असा नाही. एकाच्या जागी दुसरा, एकाच्या ऐवजी दुसरे, हा त्याचा मूळ अर्थ. (तो 'ऐवज' सुद्धा अरबीच, आणि तोही हिशेबातूनच आलेला.) 'मोबदला' याच कुळातला: घेतले त्याच्या जागी दिलेले. सूड या अर्थाचा 'बदला' हाही हिशेबच, फक्त रक्ताचा.

सगळ्यांत गमतीचा प्रवास 'बद्दल'चा. आज आपण 'त्याच्याबद्दल बोलू नका' असे दिवसातून दहादा म्हणतो आणि तो अस्सल मराठी प्रत्यय असल्यासारखा वापरतो. तोही हाच 'बदल'. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. त्यात 'बद्दल'ची नोंद अरबी म्हणूनच आहे आणि अर्थही ऐवजी, मोबदल्यात, कारणाने अशा हिशेबी वळणाचे आहेत. पायऱ्या दिसतात. तुझ्या ऐवजी मी पैसे भरले. मग तुझ्या कारणाने भरले. मग तुझ्यासंबंधी. शेवटी नुसते बोलणे सुद्धा 'तुझ्याबद्दल' होऊ लागले. जमाखर्चातला शब्द आपण मायेच्या बोलण्यात इतका मुरवला की त्याची वही कुठे होती हेच विसरलो.

बदल कुठे राबत होता ते पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव आणखी कळतो. एक ठिकाण सराफकट्टा. पेशवाईत एका राज्यात एकच रुपया चालत नव्हता. अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये बाजारात होते आणि प्रत्येकाचा भाव निराळा. एक नाणे देऊन दुसरे घ्यायचे तर सराफ बट्टा कापून घेई. इथे 'पालट' कामाचा नाही. दिलेला रुपया परत येणार नसतो. दुसरे ठिकाण घोडदळाची हजिरी. सरदाराने चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचा आणि मागाहून त्याच्या जागी मरतुकडे तट्टू उभे करायचे, ही लबाडी फार जुनी. ती थांबावी म्हणून सोळाव्या शतकात अकबराने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचा चेहरा म्हणजे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत घातली. घोड्याच्या जागी घोडा, माणसाच्या जागी माणूस. राज्यकारभाराला 'बदल'ची गरज होती आणि भीतीही होती.

बदला नावाचा आणखी एक व्यवहार मुंबईच्या शेअरबाजारात होता. घेतलेल्या समभागांचे पैसे ठरल्या दिवशी द्यायचे नसतील तर तो व्यवहार पुढच्या मुदतीवर ढकलायचा आणि त्याबद्दल जो आकार द्यायचा तो बदला. सेबीने तो १९९३ मध्ये बंद केला, काही वर्षांनी नियम बांधून परत येऊ दिला आणि २००१ मध्ये कायमचा थांबवला. म्हणजे बदला स्वतःच आलटून पालटून जगला म्हणायचा.

राज्याभिषेकानंतर महाराजांनी 'राजव्यवहारकोश' करवून घेतला. दप्तरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये त्याच हातांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. 'बदल'ला हटवायचे तर नवा शब्द घडवण्याची सुद्धा गरज नव्हती. पालट घरातच होता. तरी बदल हटला नाही. माझ्या मते त्याचे कारण फारसीचा दरारा हे नव्हे. बदल जे काम करत होता ते पालटाला जमणारे नव्हते. विजेचा दिवा गेला तर तो पालटून भागत नाही, बदलावा लागतो. आणि कूस कितीही आळसावली तरी ती पालटायचीच असते, कारण माणसाला दुसरी कूस मिळत नाही.

दोन शब्द असे आपापल्या हद्दीत नांदत होते. पुढे बदल हद्द ओलांडून पालटाच्या वाड्यात शिरला. आज आपण कूसही बदलतो, ऋतूही बदलतो, मनही बदलतो. पालट एकटा बोलण्यात क्वचित येतो. जोडशब्दांच्या आश्रयाने मात्र तो उरला आहे: हवापालट, सत्तापालट, कायापालट, खांदेपालट. हवापालटाला जाणारा माणूस महिनाभराने घरी येतो. इंग्रजांनी १८२० च्या दशकात महाबळेश्वर वसवले, त्याला माल्कमच्या नावाने मालकम पेठ हे नाव पडले आणि साहेबांपाठोपाठ आपलेही लोक हवेसाठी तिथे जाऊ लागले. परतीचे दिवस ठरलेले असत. हवाबदल हा शब्द आपण आता वातावरणाच्या संकटासाठी वापरू लागलो आहोत. त्यात परतीचा दिवस कुणी सांगत नाही.

पण शब्दाने हद्द ओलांडली म्हणून मी एवढी तक्रार केली नसती. खरा प्रश्न 'बदली' या शब्दापाशी येतो, कारण तिथे तो माणसाला चिकटला.

जुन्या गावात बदली नव्हती. मामलेदार-कमाविसदार येत-जात, पण पाटील, कुलकर्णी, चौगुला हे वतनदार. दप्तर कुलकर्ण्याच्या माळ्यावर बापाकडून मुलाकडे जाई. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता. गावाची जमीन ज्याच्या लेखणीत, त्याला कुणी हलवू शकत नसे आणि त्याची किंमत गरीब कुळांनी मोजली. १९५० मध्ये मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला. गावोगाव सरकारी पगाराचा तलाठी बसला आणि त्याच्याबरोबर बदलीही आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर तसे सरकारी नोकराचे बिऱ्हाड ट्रकवर. मुलांच्या शाळा अर्ध्यावर सुटत, घरमालक नवा, भाजीवाला नवा. पुढे बदल्यांचाच बाजार होतो अशी ओरड सुरू झाली आणि २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारला बदल्यांवर नियम घालणारा कायदा करावा लागला. एका जागी साधारण तीन वर्षे, हे त्यात लिहिले. तरीही ही बदली सुसह्य म्हणायची. माणूस हलतो, पण त्याची नोकरी, त्याचे पद, त्याचे नाव त्याच्याजवळ राहते.

गिरणगावातली बदली तशी नव्हती.

मुंबईच्या कापडगिरण्यांत 'बदली' ही क्रिया नव्हती, तो माणूस होता. कायम कामगार आजारी पडला, पेरणीला किंवा लग्नकार्याला कोकणात अथवा घाटावर गेला, की त्याच्या साच्यावर दुसरा लागे. हा दुसरा म्हणजे बदली. 'तू काय करतोस?' 'मी बदली आहे.' अरबी शब्दाचा मूळ अर्थ, एकाच्या जागी दुसरा, इथे हाडामांसाचा होऊन लालबाग-परळच्या फाटकांवर रोज सकाळी उभा राही. आधीच्या काळात कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या हाती होते आणि त्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगापुढे या दस्तुरीची चर्चा झाली. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलींवर नियंत्रणाची पद्धत आणली. ठरावीक संख्येच्या बदलींना दर महिन्याला कार्ड द्यायचे आणि कार्डवाल्याने रोज पाळीच्या वेळी हजर राहायचे. गैरहजर कामगारांइतके आत, उरलेले घरी. घरी जाणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी नाही.

एप्रिल-मे महिन्यांत गावाकडे जाणाऱ्यांची गर्दी, तेव्हा बदलीला काम भरपूर. ते लोक परतले की याचे दिवस कमी. ज्याच्या जागी तो आज उभा आहे त्याचा साचा उद्या त्याला मिळेल असे नाही. आज या खात्यात, उद्या त्या खात्यात, परवा फाटकाबाहेर. वरवर पाहता हेही आलटून पालटूनच. पण भोयांच्या खांदेपालटात पाळी ठरलेली होती, इथे पाळी दुसऱ्याच्या आजारपणावर आणि सुट्टीवर अवलंबून. एखाद्याने अशी किती वर्षे काढली असे विचारले तर उत्तर महिन्यांत येत नसे.

कायद्याने या शब्दाची दखल घेतली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये एक नवे प्रकरण घातले गेले. काम नसल्यामुळे कामगाराला काही दिवस बसवून ठेवले तर त्याला मूळ वेतन आणि महागाईभत्ता यांच्या निम्म्याने भरपाई द्यावी, असे त्यात ठरले. भरपाई कुणाला? ज्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि जो बदली किंवा नैमित्तिक कामगार नाही, त्याला. इंग्रजीतल्या कायद्यात आपला 'बदली' शब्द जसाच्या तसा आला. त्याची व्याख्याही तिथे दिली गेली. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला तो बदली. पण त्याने त्या आस्थापनेत एक वर्ष सलग सेवा केली की त्याला बदली समजायचे नाही. वर्ष मोजण्याची रीत अशी की बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले पाहिजे.

त्यामुळे बदलीला आणखी एक हिशेब लागला. कार्डावरचे दिवस मोजायचे. दोनशे झाले, दोनशे दहा झाले. पुढचे तीस दिवस मिळतात की नाही हे त्याच्या हातात नाही. एखाद्या कायम माणसाच्या घरी गावाकडे आजारपण निघाले, तर त्याचे इकडे भले व्हायचे. चांगल्या माणसाला दुसऱ्याच्या गैरहजेरीची वाट पाहायला लावणारी ही व्यवस्था होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढीच्या जोडीला बदलींना कायम करा, ही त्यातली एक मागणी होती. संप लांबत गेला. त्याच्या समाप्तीची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि काम मिळालेले लोक आत गेले. हजारो कायम कामगारांना स्वतःची जागा परत मिळाली नाही. त्यांच्या जागी उभे राहणे हेच ज्यांचे काम होते, त्या बदलींना तर आता कुणाच्या ऐवजी जायचे हा प्रश्नच उरला नाही.